घट घरात, कुंडी अंगणात

नवरात्र आले की आपल्या घराघरांत घट बसतात. शेतातली काळी माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, मधे पाण्याचा घट ठेवायचा आणि भोवती गहू, ज्वारी असे धान्य पेरायचे. दसऱ्याला तेच पिवळसर कोंब कोणी टोपीत खोवतो, कोणी वेणीत माळते. ही देवीची पूजा तर आहेच. पण उभा जन्म शेतकऱ्यांच्या बांधावर गेलेल्या माझ्यासारख्याला त्यात आणखी एक शहाणपण दिसते. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असताना घरातले बी उगवते की नाही, ते नऊ दिवसांत डोळ्यांना दिसते.

रब्बी कांद्याचे रोप टाकण्याचे दिवसही हेच. एकराच्या लागवडीला तीन-चार किलो बी लागते आणि ते काही स्वस्त नसते. तरीही गव्हाची परीक्षा घेणारे आपण कांद्याचे बी मात्र तसेच गादीवाफ्यावर टाकतो. खरे तर परीक्षेची गरज त्यालाच जास्त. गहू-ज्वारीचे बी दमदार. कांद्याचे फार अल्पायुषी. साध्या ठेवणीत वर्षभरातच त्याची उगवण झपाट्याने उतरते. उन्हाळ्यात झोडलेले बी सगळा पावसाळा दमट हवेत काढून आपल्या हाती येते. जिवंत बी काळे आणि मेलेले बीही काळेच!

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातल्या एका गावी हे फार जवळून पाहिले. एका मुलाने ओळखीच्या माणसाकडून सुटे बी आणले होते. त्याच्या आईने त्यातले शंभर दाणे मोजून अंगणातल्या कुंडीत टाकले. मुलगा म्हणाला, “आई, एवढं महागाचं बी, ते खोटं कसं असेल?” म्हातारी म्हणाली, “अरे बाबा, घटातल्या धानाला आपण भाव विचारतो का?” बाराव्या दिवशी मोजले, तर ३१ कोंब. हाती वेळ होता. दुसरे बी आणले, रोप वेळेवर टाकले गेले.

त्याच गावात तेच बी दुसऱ्या घरी थेट वाफ्यावर पडले. वाफे विरळ राहिले, हे उमगेपर्यंत दिवाळी उलटली. मग सांगेल त्या भावाने रोप विकत घेतले आणि लागवड जानेवारीच्या अखेरीला गेली. कांदा पोसायच्या वेळी ऊन तापले आणि निम्म्याहून अधिक माल गोल्टीत गेला. त्या घरात त्या वर्षी मुलीचे लग्न धरले होते, ते पुढे ढकलावे लागले. कारण काय, तर शंभर दाणे!

परीक्षा अगदी सोपी आहे. फुटका माठ, घमेले किंवा तेलाचा रिकामा डबा घ्या. तळाला भोके पाडून वर खापराचे तुकडे ठेवा. दोन वाटे माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा वाळू मिसळून भरा. शंभर दाणे हाताला येतील तसे घ्या, टपोरे निवडू नका. ओळीत, सुमारे एक सेंटिमीटर खोल टाका. ओल राखा, चिखल करू नका; फार पाण्याने रोपे मानेत कुजून आडवी पडतात. आठवड्याच्या आसपास आकड्यासारखे वाकलेले कोंब दिसू लागतील. बाराव्या दिवशी मोजणी करा.

प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण ठरवून दिलेली आहे. ऐंशी उगवले तर निश्चिंत राहा. घरचे बी साठाच्या आसपास उतरले तर प्रमाण वाढवा. जिथे ३ किलो टाकणार होता, तिथे ४ किलो लागेल. त्याहून फार खाली आले तर ते बी वाफ्यावर टाकू नका. पिशवीतले बी असेल तर पिशवी, खूणचिठ्ठी आणि पावती जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

नवरात्रात पुष्कळ घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. म्हणून घट घरात आणि कुंडी अंगणात!

मोजणी झाल्यावर कुंडी रिकामी करू नका. त्या रोपांची पात थंडीभर भाकरीबरोबर होते. शेजारी दुसऱ्या डब्यात कोजागरी ते दिवाळीच्या दरम्यान लसूण लावा. गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या घ्या, साल काढू नका, टोक वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल, चार-चार बोटांवर लावा. लसणाला गड्डा बांधायला आणि त्याच्या पाकळ्या पडायला थंडी लागते. उशीर झाला तर पाकळ्या न पडता एकच गोल कांडे राहते. काही रोपे पातीसाठी ठेवा, काहींना कात्री लावू नका. फेब्रुवारी-मार्चला पात पिवळी पडू लागली की पाणी तोडा.

ज्यांना वावर नाही, त्या मजुरी करणाऱ्या घरांनाही हे जमते. कांद्याच्या लावणीला दुसऱ्याच्या रानात दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या घरी कालवणाला पात विकत आणावी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

हे काम घरधनिणीने हाती घ्यावे आणि मोजणी शाळेत जाणाऱ्या मुलांकडून करून घ्यावी. आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बी घेताना तो कामी येईल, आणि घरधन्याला बाजाराला निघण्यापूर्वी तो दाखवायला विसरू नका.