फुकटच्या वाटेवरचा नाका

विवाहविधीच्या आरंभी वधूवरांना एक प्रश्न विचारण्याचे कर्तव्य धर्मगुरूकडे असते. कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण विचारांती आणि स्वखुशीने तुम्ही येथे आला आहात ना, असा त्या प्रश्नाचा आशय. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी हा प्रश्न विचारीत आलो आहे. काय स्वीकारतो आहोत ते ठाऊक नसताना दिलेला होकार हा होकारच नव्हे, हे सेमिनरीत आम्हांला घोटून शिकविलेले असते आणि विवाहपूर्व शिबिरांत आम्हीही ते तितक्याच ठासून सांगतो. असे असताना माझ्याच हातून एक होकार असा दिला गेला, की त्याची आठवण झाली म्हणजे अद्यापि संकोच वाटतो. वाचकहो, आज त्याचेच निवेदन करावयाचे आहे.

डिसेंबर २०१५ मधली गोष्ट. नाताळगीतांचा सराव आटोपून आमच्या युवक मंडळाची मुले कार्यालयात बसली होती. त्यांपैकी एकाने मोबाईल माझ्यापुढे धरला. फेसबुकवर एक आवाहन आले होते. ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना धोक्यात आहे. गोरगरिबांना मोफत इंटरनेट मिळावे असे वाटत असेल तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, आपला पाठिंबा कळवा, असा त्याचा मथितार्थ. पत्राचा मजकूर तयारच होता. बटण तेवढे दाबायचे होते.

माझ्या डोळ्यांपुढे गडचिरोलीच्या जंगलातून आमच्या वसतिगृहात येणारी मुले उभी राहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी हेलपाटे घालणारे त्यांचे पालक आठवले. मी बटण दाबले. एवढ्यावर न थांबता मुलांनाही म्हणालो, “तुम्हीही दाबा. पुण्याचे काम आहे.” मला कोणी फसविले असे मी म्हणणार नाही. मजकूर समोर होता; तो वाचण्याचा आळस माझा होता.

त्या महिन्याच्या २८ तारखेला मार्क झुकेरबर्ग यांचा लेख एका मोठ्या इंग्रजी दैनिकात आला. ग्रंथालये, रुग्णालये आणि शाळा यांत सर्व काही नसते, तरी त्यांनी समाजाचे अपार कल्याण केले. तसेच हे मूलभूत इंटरनेट, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरणही त्यांनी दिले होते. तो म्हणे या योजनेतून हवामान पाहतो, शेतमालाचे भाव पाहतो. आमच्या मिशनच्याही शाळा आणि दवाखाने आहेत, त्यामुळे ही उपमा माझ्या मनाला भिडली. बटण दाबले ते योग्यच केले, असे समाधान वाटले.

नाताळनंतर, जानेवारीत, मी वैनगंगा ओलांडून धानोरा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाचे ते घर. रेंज मिळवायची तर गावामागच्या टेकडीवर चढावे लागे. संध्याकाळी शेकोटीभोवती बसलो असता मी मोठ्या उत्साहाने मोफत इंटरनेटची गोष्ट काढली. मुलाचा आजा ऐकत होता. तरुणपणी त्याने कागद कारखान्यासाठी बांबू तोडण्याची मजुरी केलेली. तो गोंडीत काही बोलला. नातवाने मराठीत सांगितले, “फादर, आजोबा विचारतात, वाट फुकट आहे ते ठीक, पण त्या वाटेवरचा नाका कोणाचा?”

मला उत्तर देता येईना. ती योजना नेमकी काय आहे, हेच मला ठाऊक नव्हते.

चंद्रपुरास परतल्यावर मी ती समजून घेतली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावाने आपल्याकडे सुरू झाली, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. रिलायन्स कम्युनिकेशन्सचे सिमकार्ड असणाऱ्यास काही निवडक संकेतस्थळे विनाशुल्क उघडता येत. त्यांत फेसबुक अर्थातच होते. बाकीच्या साऱ्या इंटरनेटसाठी मात्र पैसे पडत. टीका झाल्यावर कंपनीने, अटी पाळणाऱ्या कोणालाही या यादीत येता येईल, असे जाहीर केले. परंतु अटी तिनेच ठरवायच्या आणि सर्व ये-जा तिच्याच यंत्रणेतून व्हायची. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्या लेखी ती यादी हेच संपूर्ण इंटरनेट झाले असते. यादीत काय असावे हे ठरविण्यात त्याला स्थान नव्हते आणि बाहेर काय राहिले हे कळण्याचा मार्गही नव्हता.

आता म्हाताऱ्याचा प्रश्न मला उलगडला. त्याने सारा जन्म असाच एक नाका पाहिला होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. पण कायद्याने त्याला झाड म्हटल्यामुळे तो इमारती लाकडाच्या पंक्तीला गेला आणि त्याची मालकी वनखात्याकडे राहिली. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या जंगलातला बांबू शासनाशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारान्वये मिळत असे. गावकऱ्याला निस्तारापुरता बांबू मिळे आणि कारखान्याच्या तोडीवर मजुरी मिळे. बांबूचा भाव ठरविणे त्याच्या हाती नव्हते. चार बांबू नाक्यापलीकडे न्यायचे तर वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक साहेबाच्या खणात असे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले आणि त्यावर गावाचा हक्क मान्य केला. त्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही परवाना-पुस्तक खात्याकडेच राहिले. बांबू गावाचा झाला, पण नाका गावाचा झाला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, ते पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या स्वाधीन केले. बाहेरच्या माणसाला हा समारंभ किरकोळ वाटावा, वहीच ती! परंतु जंगलातल्या माणसाला ठाऊक होते, की सत्ता नेहमी त्या वहीतच होती.

मेंढ्याची आणखी एक रीत मला विशेष शिकवून गेली. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाही घराची शंका उरली तर निर्णय पुढे ढकलतात. शिवाय निर्णयापूर्वी अभ्यासगट बसतो. कायदा काय म्हणतो, पलीकडचा पक्ष काय म्हणतो, हे बाहेरच्या जाणत्यांना बोलावूनही समजून घेतात. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वळण गावाला लावले. आधी समजणे, मग होकार, हा क्रम ते गाव पाळीत आले आहे. विवाहवेदीपुढे तोच क्रम इतरांना सांगणाऱ्या मी मात्र तो उलटा केला होता.

इकडे ट्रायपुढे काय घडले ते पाहा. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने एक चर्चापत्र काढून जनतेला चार प्रश्न विचारले होते. वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर आकारण्याची मुभा दूरसंचार कंपन्यांना असावी काय, हा त्यांचा गाभा. सुमारे २४ लाख उत्तरे आली. त्यांपैकी १८.९४ लाख उत्तरे फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याचे साचेबंद मजकूर होते. त्यांत चार प्रश्नांना उत्तर नव्हते, कारण आम्हा बटण दाबणाऱ्यांपुढे ते प्रश्न कोणी ठेवलेच नव्हते. एका गंभीर विचारविनिमयाचे रूपांतर घडवून आणलेल्या मतचाचणीत केले जात आहे, अशा आशयाचे कडक पत्र ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला पाठविले. त्या १८.९४ लाखांत एक मी होतो, आणि माझ्या सांगण्यावरून काही कोवळी मुले होती. मी माझे मत दिले असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी केवळ एक आकडा झालो होतो.

दुसऱ्या बाजूविषयीही खरे तेच सांगितले पाहिजे. २०१५ च्या वसंतात ‘इंटरनेट वाचवा’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी ट्रायकडे दहा लाखांहून अधिक पत्रे धाडली; त्यांचाही मजकूर तयार केलेलाच होता. मात्र त्या वेळी ट्रायने विचारलेल्या वीस प्रश्नांना त्यात मुद्देसूद उत्तरे होती. म्हणून तयार मजकूर हाच दोष असे मला वाटत नाही. मूळ प्रश्न झाकून फक्त होकार गोळा करणे, हा दोष.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला. मजकूर पाहून इंटरनेटचा दर बदलता येणार नाही. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातील ती योजना मागे घेतली. मध्यंतरी त्या कंपनीच्या एका संचालकाने, वसाहतवादाला विरोध केल्यानेच भारताचे आर्थिक नुकसान झाले, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि टीका होताच क्षमा मागितली. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनानेही समान वागणुकीचे हे तत्त्व स्वीकारले.

शहरांत आनंद झाला. माझ्या म्हाताऱ्याच्या गावी मात्र रेंजसाठी टेकडीच चढावी लागत होती. ‘फुकट नको, खुले हवे’ म्हणणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. निर्णय योग्य होता, परंतु त्याने एकही मनोरा उभा राहिला नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली तेव्हा जंगलातल्या मुलांचे जे शैक्षणिक नुकसान झाले, ते मी वसतिगृहाच्या रिकाम्या खोल्यांतून फिरताना मोजीत होतो. नाका अडविल्याने रस्ता बांधून होत नाही. तो आपणच, म्हणजे समाजाने आणि शासनाने, बांधायचा असतो. तो बांधला नाही, तर नाक्यासकट रस्ता देणारा कोणीतरी येतोच.

आणि तो आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आरंभीचे काही महिने सर्वच इंटरनेट फुकट दिले आणि खेडोपाडी मोबाईल बोलू लागले. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समधील ९.९९ टक्के हिस्सा घेतला. जुलैत गुगलने ३३,७३७ कोटींना ७.७ टक्के घेतला. हे सर्व कायद्याला धरूनच झाले. परंतु संकेतस्थळांची यादी करण्याचा अधिकार ज्याला नाकारला होता, तो आता रस्ता बांधणाऱ्याचा भागीदार झाला, एवढे ध्यानात ठेवावे.

२०२१ मध्ये, फेसबुकच्याच मालकीच्या व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या. मान्य करा, अन्यथा सेवा सोडा, असा त्यांचा सूर होता. असा होकार हा खरा होकार नव्हे, याच स्वरूपाची भूमिका घेऊन भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या त्याच कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. त्यावर अपीलही झाले. मी ती बातमी वाचली तेव्हा मला पुन्हा विवाहविधीतला तो प्रश्न आठवला. दडपणाविना आला आहात ना?

आता शेवटचे आणि मला सर्वांत जड जाणारे. त्या रात्री शेकोटीशी मला निरुत्तर करणारा प्रश्न केवळ एका परदेशी कंपनीविषयी नव्हता. जंगलातल्या मुलांसाठी काय चांगले, हे मी चंद्रपुरात बसून ठरविले होते. त्यांना विचारले नव्हते. हेतू शुद्ध होता. पण आम्ही धर्मगुरू, शिक्षक, सेवाभावी मंडळी यांचे हेतू बहुधा शुद्धच असतात आणि म्हणूनच आम्हांला विचारण्याची गरज भासत नाही. शाळा आम्ही दिली, दवाखाना आम्ही दिला. त्यांच्या दारावर नकळत आमचाही एखादा नाका बसला नसेल ना? दात्याने स्वतःला हे अधूनमधून विचारलेले बरे.

त्यानंतर मी एक नियम केला. धर्मग्रामात कशावरही सह्या गोळा करायच्या असतील, मग तो शासनाचा अर्ज असो, एखाद्या कंपनीचा असो की आमच्याच धर्मप्रांताचा, तर मिस्सानंतर तो मोठ्याने वाचायचा, त्याच्या विरुद्ध काय म्हणता येईल तेही सांगायचे, आणि सह्या पुढच्या रविवारी घ्यायच्या. लोक कुरकुरतात. “फादर, उगाच वेळ जातो,” असे म्हणतात. जातो खरा. गेल्या वर्षी एका कागदावर आठवड्याभरानंतर निम्म्याच सह्या आल्या. मुलाच्या आजाला मी हे सांगितले, तेव्हा तो हसला आणि गोंडीत काही बोलला. नातू आता शिक्षक आहे, त्याने मराठीत सांगितले, “आजोबा म्हणतात, निम्म्या आल्या म्हणजे लोकांनी वाचले.”