गाणं सापडलं पाहिजे

डीजेचं मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी पॅड दाखवतो, मग इफेक्ट, मग लाइट. मला विचारायचं होतं वेगळंच. माझ्याकडची 22 हजार गाणी यात मावतील का, आणि मावली तर ऐन गर्दीत हवं ते सापडेल का? "दादा, एवढी कोण वाजवतं? पाचशेत अख्खा सीझन निघतो," असं लॅमिंग्टन रोडवर मला सांगितलं गेलं.

क्लबात निघत असेल. मी ठाणे-कल्याण पट्ट्यात हळदी आणि लग्नं वाजवतो. आगरी-कोळी हळदीत पोरांना 'सैराट'मधलं 'झिंगाट' हवं असतं, नवरीच्या मावशीला तिच्या स्वतःच्या हळदीत वाजलेलं कोळीगीत, आणि खुर्चीवर बसलेल्या आजोबांना जुनी लावणी. आजोबांना "नाहीये" म्हणणं मला जमत नाही. साठा वाढला तो त्यापायी.

आता हिशेब. 320 केबीपीएसचं पाच मिनिटांचं एमपीथ्री गाणं साधारण 12 एमबी भरतं, म्हणजे 22 हजारांना अडीचशे जीबीच्या वर जागा लागते. जुन्या कॅसेटी आणि तबकड्यांवरून उतरवलेलं मी फ्लॅकमध्ये ठेवतो, ते त्याहून कितीतरी जड. क्लबांत बरीच वर्षं दिसणारा सीडीजे-2000 तर फ्लॅक वाजवतच नाही. त्यामुळे कुठलंही मशीन बघताना मी आधी दोनच गोष्टी विचारायचो: कुठले फॉरमॅट चालतात आणि डिस्क कुठे बसते.

पण जागेपेक्षा अवघड असतं ते शोधणं. मराठी गाण्यांची नावं रोमनमध्ये जो तो आपल्या मर्जीने लिहितो. 'झिंगाट' कुणी झेडने सुरू करतो, कुणी जे-एचने, कुणी शेवटी एक 'ए' टाकतो, कुणी दोन. देवनागरीत नाव ठेवावं, तर दुकानातल्या एका प्लेअरच्या पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. म्हणून मशीन घेण्याआधी मी साठाच हातात घेतला. एकच स्पेलिंग ठरवलं, नावापुढे दुसरं प्रचलित स्पेलिंग जोडलं, आणि प्रकाराच्या रकान्यात हळद, वरात, लावणी, भीमगीतं, पंगत असं भरलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झाल्याशिवाय कितीही महागडं मशीन आणलं तरी उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुकानात मी त्यांचा डेमो पेनड्राइव्ह लावूच दिला नाही. त्यात मोजकी गाणी असतात, त्यावर कुठलंही मशीन चपळच वाटतं. माझी पूर्ण भरलेली डिस्क जोडायची, हेडफोन कानाला लावायचा, एक डेक चालू ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कुठलंतरी आडबाजूचं गाणं शोधायचं. चालू गाणं संपायच्या आत ते क्यूला लागलं पाहिजे.

लॅपटॉप, त्यात सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजे, आणि पुढे कंट्रोलर: मोठ्या साठ्यासाठी हा सगळ्यात स्वस्त रस्ता. टाइप करायला खरा कीबोर्ड मिळतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आजही हेच सांगतो. माझी अडचण मांडवाची होती. मे महिन्याचा उकाडा, कीबोर्डवर उडणारी हळद, पोरांच्या पायात येणारी यूएसबीची वायर. मला लॅपटॉपशिवाय चालणारं हवं होतं.

शेवटी दोन मशीन उरली. पायोनियरचं एक्सडीजे-आरएक्स3 आणि डेनॉनचं प्राइम 4. पडदा दोन्हींना 10.1 इंची, टचचा. पायोनियर हाताला जास्त सवयीचं होतं, आणि रेकॉर्डबॉक्समधली माझी जुनी मांडणी त्यावर जशीच्या तशी चालली असती. पण त्यात गाणी बाहेरच्या ड्राइव्हवर राहतात. प्राइम 4च्या खालच्या बाजूला अडीच इंची साटा डिस्कचा कप्पा आहे. त्यात 1 टीबीची एसएसडी स्क्रूने बसवली आणि सगळा साठा मशीनच्या पोटात गेला. कुणाचा धक्का लागायचा प्रश्न नाही, निसटायचा नाही. मी तेच घेतलं.

त्याचा झोन आउटपुट दुकानात कुणी दाखवलाही नव्हता, पण आमच्या कामात तो फार मोलाचा ठरला. एका डेकचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर काढता येतो. हॉलमध्ये नाच चालू असताना जेवणाच्या बाजूला हळू आवाजात भावगीतं लावून द्यायची, तेही त्याच साठ्यातून, त्याच मशीनवर.

जुन्या गाण्यांच्या बाबतीत मात्र मशीनवर विसंबता येत नाही. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, आणि सॉफ्टवेअरने आखलेल्या बीटच्या रेघा ठेक्यावरून सरकतात. तिथे सिंक दाबला तर दोन्ही गाण्यांची वाट लागते. अशा गाण्यांना मी वेगळी खूण करून ठेवली आहे. ती आली की सिंक बंद करतो, पिच हाताने धरतो आणि ढोलकीचा तुकडा संपेपर्यंत कानानेच मिळवत राहतो.