आठवड्याचा बाजार एका फोटोत

अमेरिकन छायाचित्रकार पीटर मेन्झेल आणि लेखिका फेथ डॅलूझिओ देशोदेशी हिंडले. २४ देशांतल्या ३० घरांत त्यांनी एकच मागणी केली : आठवडाभर जे काही खाल ते सगळं मांडा आणि त्यामागे उभे राहा. २००५ साली त्या फोटोंचं ‘हंग्री प्लॅनेट’ हे पुस्तक निघालं. एका जर्मन घराचा आठवड्याचा खर्च ५०० डॉलर. चाडच्या छावणीतल्या सहा जणांच्या सुदानी निर्वासित कुटुंबाचा १ डॉलर २३ सेंट.

हा दुसरा आकडा फसवा आहे. तो नुसता गाठीच्या पैशांचा. पोट भरत होतं मदतीच्या धान्यावर.

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरकरांना ही गोम समजावून सांगायला नको. समजा, असा फोटो चाकुरातच काढला. पाच माणसांचं, रेशन कार्डावरचं घर. माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे सगळ्या घराला आठवड्याला सहा किलोच्या आत गहू-तांदूळ. जानेवारी २०२३ पासून फुकट, म्हणून खर्चाच्या रकान्यात शून्य. शेजारी विकतची ज्वारी, तुरीची डाळ, शेंगदाणे, चहापत्ती, साखर आणि सोयाबीन तेलाचा पुडा.

नजर थांबावी ती या पुड्यावर. गावाभोवती जिकडंतिकडं सोयाबीनच. पण रास झाली की ते अडतीवर जातं, घरात येत नाही. दाण्यात तेल जेमतेम १८ टक्के. उरते ती बहुतेक पेंड. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशी. इकडं देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, सोयाबीनचं तर मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलहून. बांधापर्यंत सोयाबीन आणि कढईत दुसऱ्या खंडाचं तेल! मेन्झेल यांच्या चौकटीत पुडा मावतो, हा फेरा मावत नाही.

पाणीही मावत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आणि उसाचे कारखाने याच जिल्ह्यात. फोटोतली साखर मात्र पांढरीशुभ्रच दिसणार.

शिवाय आठवडा कुठला धरायचा? येळवशीच्या सणाचा धरला तर चाकूर कुणालाच हार जाणार नाही. मार्गशीर्ष अमावास्येला गाव ओस आणि रान भरलेलं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहानं पंगतीला बसवतात. तोच कॅमेरा मे महिन्यात, पेरणीसाठी पैसे राखून ठेवलेल्या घरात नेला, तर त्याच माणसांपुढची मांडणी निम्म्यावर येईल. विषमता नुसती देशादेशांत नसते, एका घराच्या दोन महिन्यांतही असते.

येळवशीला पूजेचे पांडव मांडायला कडब्याची कोप, म्हणजे खोपी, लागते. सोयाबीनला कडबा नसतो. ज्याच्या रानात ज्वारी पेरलेलीच नाही, तो त्या दिवशी चार-पाच पेंढ्या दुसऱ्याच्या गंजीतून मागून आणतो.