फुगा वर, कसब खाली

टेहळणीच्या फुग्याचा विषय निघाला की लोकांची नजर आपसूक वर जाते. किती उंच जातो, किती लांबचे दिसते, कॅमेरा कोणता? या कामातल्या माणसाची नजर आधी दोर सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या विंचवर जाते, मग दोरावर, मग वाऱ्यावर. बांधलेल्या फुग्याची खरी ताकद दोरात असते, असे माझे मत आहे. लष्करांनी या साधनापायी जे गमावले, तेही बरेचसे दोराला अडचण समजल्यामुळे किंवा त्याला गृहीत धरल्यामुळे. उंचीचा फायदा साधा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे 30 मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून जमिनीलगतची वस्तू रडारला जेमतेम 22-23 किलोमीटरवर दिसते. तेच रडार 3,000 मीटरवर नेले की हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. खालून, रडार चुकवत येणारे क्रूझ क्षेपणास्त्र टिपायचे तर असे वरूनच पाहावे लागते. विमानही रडार वर नेते, पण इंधनासाठी आणि माणसांसाठी त्याला काही तासांनी उतरावे लागते. फुगा आठवडेच्या आठवडे तिथेच राहू शकतो, कारण अंगठ्याएवढ्या जाडीच्या त्या दोरातल्या तांब्याच्या तारांतून वीज वर जाते, ऑप्टिकल फायबरमधून चित्र खाली येते आणि चिवट कृत्रिम धागे वाऱ्याचा ताण सोसतात. वर इंजिन नाही, इंधन नाही, माणूस नाही. वजनाचा हिशेब घनमीटरमागे साधारण एक किलो असा असतो. हेलियम त्याहून फार काही उचलत नाही, त्यामुळे जे खाली ठेवता येईल ते खालीच ठेवणे यातच शहाणपण आहे.

हे शहाणपण जुने आहे. 26 जून 1794 ला फ्लूरसच्या लढाईत फ्रेंचांनी कुतेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली फुगा चढवला, तेव्हा वरची पाहणी चिठ्ठ्यांमधून दोरावाटे खाली येत होती. पण त्या मोहिमेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी माणसे टोपलीत नव्हतीच. गंधक बंदुकीच्या दारूसाठी हवे म्हणून आम्लाचा मार्ग सोडून, लालभडक तापवलेल्या लोखंडावरून वाफ नेऊन हायड्रोजन तयार करणारे लोक खाली होते. एकदा भरलेला फुगा रिकामा करणे परवडणारे नव्हते, म्हणून तो तसाच फुगलेला, चहूबाजूंनी दोर धरून रस्त्याने चालवत नेणारे शिपाईही खालीच होते. पुढे अमेरिकी यादवी युद्धात, सप्टेंबर 1861 मध्ये, थॅडियस लो या फुगेबाजाने फुग्यातून तारयंत्राने संदेश धाडून तोफांचा नेम सुधारून दिला. ज्या लक्ष्यावर गोळे पडत होते, ते तोफचींना दिसतही नव्हते. पहिल्या महायुद्धात दोराबरोबर टेलिफोनची तार आली. दोर हा बोलण्याचा रस्ता झाला तेव्हाच फुगा तोफखान्याच्या खऱ्या उपयोगाचा ठरला.

आता आक्षेप. दोराची एवढी थोरवी, तर ऑक्टोबर 2015 चे काय? त्या महिन्याच्या 11 तारखेला काबूलमध्ये ब्रिटिश पुमा हेलिकॉप्टर टेहळणीच्या फुग्याच्या केबलला अडकून कोसळले आणि पाच जण गेले. 28 तारखेला मेरीलँडच्या अ‍ॅबरडीन तळावरचा, अमेरिकी लष्कराच्या जेलेन्स या रडार-फुग्यांच्या योजनेतला 74 मीटर लांबीचा फुगा सुटला, पेनसिल्व्हेनियापर्यंत तुटकी केबल ओढत गेला आणि वाटेत हजारो घरांची वीज घालवून बसला. मागे एफ-16 विमाने! शेवटी त्यातली हवा काढायला पोलिसांना शॉटगन चालवाव्या लागल्या. हसू येते खरे, पण तपासात काय निघाले ते पाहावे. दाब मोजणारी नळी बिघडली, शेपटीच्या पंखांमधला हवेचा दाब उतरला, त्यामुळे फुग्याचे नाक वाऱ्याकडे राहिना. तो वाऱ्याला आडवा झाला, आणि मग त्या ताणापुढे कोणताही दोर टिकणार नव्हता. सुटल्यावर आपोआप गॅस सोडणारे यंत्र त्यात होते. त्याच्या बॅटऱ्याच बसवलेल्या नव्हत्या. यात दोराचा दोष शोधणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. काबूलचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. दोर हा हवेतला अडथळाच आहे, धुळीत आणि गर्दीच्या आकाशात तो दिसत नाही, आणि शहराच्या मधोमध हेलिकॉप्टरच्या वाटेत तो उभा करावा का, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

दोर तोडून मोकळे व्हायच्या मोहाची किंमत याहून जबर आहे. अमेरिकी लष्कराचे एलईएमव्ही हे एअरशिप 20,000 फुटांवर सलग 21 दिवस राहायचे होते. ऑगस्ट 2012 मध्ये त्याने एक उड्डाण केले, वजन हाताबाहेर गेले, फेब्रुवारी 2013 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. जवळपास 30 कोटी डॉलर खर्चून बांधलेले ते यान अखेर मूळ ब्रिटिश कंपनीने 3,01,000 डॉलरला परत घेतले. इंजिन आले की इंधन आले, इंधन आले की वजन, आणि वजन आले की उंची व दिवस दोन्ही घटतात. समुद्राची गोष्ट वेगळी, हेही मान्य करायला हवे. ताफ्याबरोबर चालायचे तर दोर बांधणार कशाला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या के-वर्गातल्या एअरशिपनी पाणबुड्या हुडकण्याचे काम चोख केले. शत्रूच्या माऱ्याने त्यातले एकच पडले, जुलै 1943 मध्ये, फ्लोरिडाजवळ.

फुगा म्हणजे आयते निशाण, हाही नेहमीचा आक्षेप. हायड्रोजनच्या काळात तो खराच होता. पेटत्या गोळीने फुगा क्षणात भडकत असे. हेलियम पेटत नाही, आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे गोळीच्या भोकातून गॅस अगदी सावकाश जातो. भीती आहे ती ठाण्याची, कारण त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो. मे 2024 मध्ये हिजबुल्लाने इस्रायलच्या ‘स्काय ड्यू’ या टेहळणीच्या फुग्यावर ड्रोन धाडला तो त्याच्या तळावरच. भारतातही हे साधन आहे: आपल्या हवाई दलाने इस्रायलकडून एअरोस्टॅट, म्हणजे बांधलेल्या फुग्यांवरची, रडार घेतली, आग्र्याची डीआरडीओची प्रयोगशाळा स्वतःचे फुगे बनवते, आणि 3 मे 2025 ला तिच्या एअरशिपने मध्य प्रदेशात श्योपूरहून 17 किलोमीटरच्या उंचीवर जाऊन 62 मिनिटांचे उड्डाण केले. त्या 62 मिनिटांची मी थट्टा करणार नाही. पण सूर्य मावळल्यावर साठवलेल्या विजेवर जागेवर टिकून राहणे अजून पुढे आहे. तोवर सीमेवरच्या बांधलेल्या फुग्यासाठी मला पैसे मागायचे झाले, तर मी आधी वादळाची आगाऊ खबर देणारे हवामानाचे रडार, सुट्या बॅटऱ्या आणि विंचवर माणसांची आणखी एक पाळी मागेन. कॅमेऱ्याचे नंतर पाहू.