लोकल कोऑर्डिनेटर

आमच्या डॉक्युमेंट्रीला बक्षीस मिळालं, त्याचा राग मला अजून येतो.

नागपुरातल्या एका खासगी विद्यापीठात मी कम्युनिकेशन आणि मीडिया शिकले. कोणत्या, ते सोडा. हिंगणघाटची मुलगी, शैक्षणिक कर्ज, पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत तोंड उघडायची धास्ती, हे सगळं तुम्ही शंभरदा वाचलं असेल. वर्गातली बरीच मुलं दिल्ली, भोपाळ, कोलकात्याची. नागपूर म्हणजे त्यांच्या लेखी कॅम्पस, मेट्रो आणि धरमपेठेतले कॅफे.

2023 च्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि प्रॉडक्शनच्या पेपरसाठी मोर्च्यांवर फिल्म करायचं ठरलं. विषय मीच सुचवला. 1953 च्या नागपूर करारामुळे सरकारला वर्षातून एकदा इकडे यावंच लागतं, आणि सरकार आलं की अख्खा महाराष्ट्र मागण्या घेऊन त्याच्या मागोमाग येतो. ग्रुपला मी आधी झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक दाखवायला नेलं. 23 नोव्हेंबर 1994 ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली, 114 जण गेले. सीताबर्डीचा उड्डाणपूलही त्यांच्याच नावाचा. आमच्या कॅमेरावाल्याने ऊन कसं पडतंय ते बघितलं आणि म्हणाला, चलो.

अंगणवाडी सेविका तेव्हा राज्यभर संपावर होत्या. सेविकेला महिन्याला 10,000 रुपये, मदतनिसाला 5,500 मिळायचे, आणि त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच मान्य केलेला, तरी बाया रस्त्यावर. कॅमेरा दिसला की त्या मागे सरायच्या. आमच्या ग्रुपच्या लीडरच्या हिंदी प्रश्नांना नुसतं 'हो, हो' म्हणायच्या. मग मी फूटपाथवर बसले, एका मावशींच्या डब्यातली भाकर खाल्ली, कुठल्या, माहेर कोणतं, लेकरं किती, सगळं बोलून झालं, आणि मग त्यांच्या पदराला माइक लावला. त्या म्हणाल्या, "पोरगं आधी मोबाइलात भरा लागते बाई. रेंज नसली तं ते जेवलंच नाही असं होते. आता मी पोराले भरवू का मोबाइलाले?" बाजूच्या सगळ्या हसल्या. मग त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरलेलं सगळं त्या पुन्हा हाताने उतरवून ठेवत होत्या. ज्या मुलाचं वजन घटलं त्याच्या नावापुढे लाल पेनाने टिंब. एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, हे माझ्या जावेचं.

फिल्ममध्ये रजिस्टर नाही. मावशी आहेत, पण त्यांचे नुसते ओठ हलतात. वर गिटार वाजतं आणि लीडरचा भारदस्त आवाज इंग्रजीत सांगतो की या असहाय स्त्रिया सरकारकडे दयेची याचना करताहेत. दया! कोर्टाने दिलेला हक्क मागणारी बाई दया मागते? बक्षीस देताना मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी खास कौतुक केलं ते माणसांच्या इतक्या जवळ गेल्याचं. त्यावर लीडर माइकवर म्हणाला, विश्वास कमवायला वेळ द्यावा लागतो. त्या वेळात तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पीत होता. मग पडद्यावर नावं आली. दिग्दर्शन, संकलन, छायाचित्रण, निवेदन. फुकट मिळालेल्या गिटारलाही स्वतंत्र ओळ. आभार संपले आणि त्याखाली मी, लोकल कोऑर्डिनेटर. प्रश्न माझे, मुलाखती माझ्या, विषय माझा, आणि मी कोण, तर लग्नात वाढपी आणून देणारा माणूस.

सरांकडे गेले. ते म्हणाले, "मार्क तर सगळ्यांना सारखेच आहेत ना?" होते, अगदी सारखे. बातमीच्या दारावर कोण बसतो आणि कोणाला आत सोडतो, तो गेटकीपिंगचा धडा आम्हाला याच सरांनी शिकवला होता.

मावशींना लिंक पाठवायची हिंमत होईना. कितीतरी दिवसांनी पाठवली. वाटलं, विचारतील, मी बोलली ते कुठी गेलं? त्यांनी ती स्टेटसला ठेवली. फोन करून म्हणाल्या, "किती मस्त दिसून राहिली न मी!" मला त्यांचाही राग आला. वास्तविक त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?

आता गावाकडची पोरं विचारतात, हा कोर्स करू का? मी सांगते, एवढे लाख घालू नका, मराठी चांगली असेल तर एखाद्या जिल्हा दैनिकात उमेदवारी करा. सांगून होतं आणि लक्षात येतं की तिथे वार्ताहराला मिळतं तेही मानधनच. शिवाय एडिटिंग आणि आवाज साफ करणं मी त्याच कॅम्पसवर शिकले, आणि कर्जाचा हप्ता त्याच कामातून जातो. तरी 'करू नका' म्हणायचं मी सोडलेलं नाही.

मध्यंतरी लीडरचा फोन आला. मुंबईत आहे, कापसावर काहीतरी करतोय, कॅमेऱ्यापुढे बोलणारं कर्जबाजारी शेतकरी कुटुंब हवं होतं, वर्धा जिल्ह्यातलं चालेल. मी दिवसाचा दर सांगितला, निम्मे आगाऊ. त्याने घासाघीससुद्धा केली नाही, तेव्हा वाटलं, अजून जास्त सांगायला हवं होतं.