आवडीची उतरंड

आवडत्या कादंबऱ्यांची, चित्रपटांची किंवा रागांची यादी करायला सांगितली तर माणूस आनंदाने बसतो. अशा यादीला एक प्रतिष्ठा असते. व्हिडिओ गेम्सच्या यादीला ती नाही. चाळिशीला आलेल्या गृहस्थाने 'कॉन्ट्रा श्रेष्ठ की टेट्रिस' या प्रश्नावर तासभर वाद घालणे हे आपल्याकडे अजूनही पोरकटपणाचेच लक्षण समजले जाते. गेल्या दिवाळीत मात्र आमच्या नाशिकच्या घरी हा वाद झाला, आणि शेवटी शेवटी थोडा कडवटही झाला. प्रस्तुत यादी त्यातूनच निघाली. खेळ पाचच. निकषही एकच: जो आज हाती आला तरी ताटातले अन्न गार होईल, तो.

१९९५ च्या दिवाळीत वडिलांना सातपूरच्या कारखान्यात बोनस मिळाला आणि मेनरोडवरून एक करड्या रंगाचा संच घरी आला. निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानात आणलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची ती नक्कल होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. त्या काळी भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत शिरलेले बहुतेक संच असेच नकली होते. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर 'नव्याण्णव हजार' वगैरे काहीतरी आकडा छापलेला. प्रत्यक्षात सात-आठ खेळ, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने खरोखर काही होत होते असे आज वाटत नाही, पण तो विधी होता आणि विधीची चिकित्सा त्या वयात कोणी करत नाही.

पाचव्या क्रमांकावर 'रोड फायटर'. कोनामी कंपनीचा १९८४ चा खेळ: लाल गाडी, संपत जाणारे पेट्रोल आणि मध्येच कडेने उडत जाणारा एक माणूस, ज्याला आमची सगळी गल्ली सुपरमॅन म्हणत असे. यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नाही. ताईचे म्हणणे, हा खेळ यादीत नकोच. राहू दे.

चौथा 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग, १९९९ चा. हा घरचा नव्हे. कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळलेला. मूळ खेळात तेरा संस्कृती होत्या: ब्रिटन, फ्रँक, मंगोल, तुर्क, जपानी इत्यादी. त्यांत भारत नव्हता. आम्ही पोरे मग पर्शियन घ्यायचो, कारण त्यांच्याकडे हत्ती होते. हत्ती म्हणजे आपले, एवढे सरळ तर्कशास्त्र. भारतीयांना या खेळात स्थान मिळाले ते २०१३ च्या विस्तारात, आणि २०२२ साली त्या एका गठ्ठ्याचे गुर्जर, द्रविड, बंगाली, हिंदुस्तानी असे विभाग झाले. या खेळाने मला इतिहास शिकवला असा दावा मी करणार नाही. लाकूड आणि धान्य संपले की शौर्य फार काळ टिकत नाही, एवढे मात्र तिथेच प्रथम उमगले, आणि शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात धान्याविषयी इतके कमी का, असा प्रश्नही पडला.

तिसरा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. १९८५. शिगेरू मियामोतो या रचनाकाराची ही निर्मिती अवघ्या ४० किलोबाइट्सची आहे. आज मोबाइलवर येणारे 'शुभ सकाळ'चे चित्र याहून जड असते. जागेच्या या कंजुषीमुळेच आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे एकाच आकाराची आहेत, फक्त रंग निराळा. हे कळल्यावर मला त्या खेळाविषयी अधिकच प्रेम वाटू लागले. चार भांड्यांत संसार करणाऱ्या बाईचे कौतुक वाटावे, त्या जातीचे हे कौतुक आहे. मारिओ पहिल्या क्रमांकाला का नाही, असे वाचक विचारतील. टीकाकार म्हणून विचाराल तर तोच पहिला. पण आवडीची यादी करताना टीकाकाराला बाहेर ओसरीवर बसवावे लागते.

दुसऱ्या क्रमांकावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया', आणि इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. संगणकाच्या क्लासमध्ये, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, सर बाहेर गेले की तो चालू व्हायचा. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने रचला आणि १९८९ साली प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून घेतली. म्हणूनच तो राजपुत्र कठड्याला लोंबकळतो तेव्हा त्याचे वजन आपल्या खांद्यांना जाणवते. हातात साठ मिनिटे असतात. त्यात राजकन्येपर्यंत पोचायचे.

चौथ्या पातळीवर वाट एका आरशाने अडवलेली असते. धावत येऊन आरशातून उडी मारावी लागते आणि त्याच क्षणी आपले प्रतिबिंब पलीकडच्या बाजूने निघून जाते. पुढे ही सावली आपल्या वाटेत येत राहते; आपल्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, आपल्याला खाली पाडते. शेवटाकडे ती तलवार उपसून समोर उभी ठाकते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तिला मारले की आपण मेलो. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचे. सगळा वेळ 'मारा' हे शिकवलेल्या मुलाच्या हाताला तलवार म्यान करण्याची कळ सुचत नाही. मला सुचली नव्हती. शेजारच्या संगणकावरच्या मुलाने सांगितली. ऐकले आणि अंगावर काटा आला. साहित्यात मी याहून थोर प्रसंग अनेक वाचले, पण त्यांतला एकही माझ्या बोटांनी घडलेला नव्हता.

आता पहिला क्रमांक, म्हणजे वादाचे मूळ. माझ्या लेखी तो 'कॉन्ट्रा'चा. तोही कोनामीचाच, १९८७ साली पार्लरमधल्या यंत्रावर आणि १९८८ साली घरगुती संचावर आला. दोघांनी एकाच वेळी, एकाच बाजूने लढायचा खेळ. ताई आठवीत, मी चौथीत. निळा मी, लाल ती. गल्लीच्या तोंडाशी एक व्हिडिओ गेम पार्लर होते. तिथे मुली जात नसत. ताईला जायचे होते आणि ती गेली नाही. त्यामुळे तिचा सगळा खेळ घरच्या त्या संचावर, आईची हाक येईपर्यंत किंवा वीज जाईपर्यंतच झाला. घरात आणि माझ्या मनात एक गोष्ट मात्र पक्की होती: ताई कॉन्ट्रात कच्ची. तिसऱ्या पातळीवर धबधबा लागतो. खडकांवरून उड्या मारत वर चढायचे. तिथे ताई हटकून मरायची आणि उरलेला खेळ मी एकटा खेळायचो. ती बाजूला बसून बघायची, वह्यांना कव्हरे घालता घालता.

दिवाळीत भाचीसाठी जुन्या खेळांचा एक तयार संच आणला. ताईची मुलगी, वय वर्षे दहा, आणि मी कॉन्ट्रा खेळायला बसलो. धबधबा लागला. पोरगी भराभर वर गेली आणि मी एकाएकी मेलो. कोणी गोळी मारली नव्हती. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ध्यानात आले. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि मागच्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर गेला की तो मरतो. खाली उतरायची सोय नसते. वर गेलेल्याने थांबायचे असते. १९९५ ते ९७ या काळात मी एकदाही थांबलो नव्हतो.

ताई स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या धूत होती. तिला विचारले, तुला हे माहीत होते का? म्हणाली, "पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला तीन-चारदा सांगितलंही होतं, तू ऐकलं नाहीस." मग जराशाने, "दहावीचं वर्ष म्हणून संच माळ्यावर गेला तो माझ्यासाठी गेला. तू पार्लरमध्ये जायला लागलास." यावर मी काहीतरी विनोद करू पाहिला; तो जमला नाही.

तिच्या यादीत पहिला टेट्रिस आहे आणि तिथे ती कोणाचे ऐकत नाही. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो रचला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून पहिले तुकडे त्यांनी कंस जोडून बनवले. चार चौकोनांचे सातच आकार. हा खेळ जिंकता येत नाही, किती वेळ हरायचे नाही एवढेच हाती असते. निन्टेंडोची आवृत्ती पुढे इतकी खेळली गेली की डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलापुढे यंत्रानेच मान टाकली, पडदा गोठला. ही बातमी मला पाठवली होती ती ताईनेच, आणि मी ती उघडूनही बघितली नव्हती.

यादीबाहेरचा एक उल्लेख करतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' २०२० साली आला. त्यातले किल्ले आणि भिंतींवरची चित्रे देखणी आहेत. लढाई मात्र मला सामान्य वाटली, आणि पाचात बसवावा इतका तो माझ्या बोटांत मुरलेला नाही. त्यात राजी नावाची सर्कशीतली मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत राक्षसांच्या प्रदेशात शिरते. ताईला कथा सांगितली तेव्हा तिने विचारले, तो भाऊ काय करतो? बहुतेक वेळ सापडत नाही, मी म्हणालो.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही पुन्हा बसलो. निळा ताई, लाल मी. धबधब्याशी ती पुढे गेली, अर्ध्यावर थांबली आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ये लवकर, गोळ्या लागतायत."