तिकिटावरचे तास आणि आकाशातले तास

लेकीनं न्यूयॉर्कचं तिकीट पाठवलं आणि त्यावरच्या वेळा बघून मी चक्रावूनच गेलो. मुंबईहून पहाटे दोनला निघायचं आणि त्याच दिवशी सकाळी साडेआठला न्यूयॉर्कला उतरायचं. म्हणजे साडेसहा तास? आमची महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरहून मुंबईला पोचायला याहून जास्त वेळ घेते. परतीचं गणित तर उलटंच. तिकडून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई, म्हणजे साडेचोवीस तास!

फोन लावला. लेक म्हणाली, "बाबा, तिकिटावर त्या त्या गावचं घड्याळ असतं. उन्हाळ्यात आम्ही तुमच्यापेक्षा साडेनऊ तास मागं." मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जातानाच्या साडेसहात साडेनऊ मिळवले, सोळा झाले. येतानाच्या साडेचोवीसातून साडेनऊ वजा केले, पंधरा उरले. घड्याळाचा घोळ मिटला, पण वाट तीच असताना येताना एक तास कमी का?

त्याचं कारण वारा. विमान उडतं त्या उंचीवर, साधारण दहा किलोमीटर वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचा वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो.

अंतराचं कोडं त्याहून मोठं. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. मग नातवाचा पृथ्वीगोल घेतला, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक दाबून धरलं आणि न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला. ताणला तसा तो आपोआप उत्तरेला सरकला आणि रशिया, नॉर्वे, आइसलंड, कॅनडा अशा वाटेवर घट्ट बसला. गोल पृथ्वीवर जवळची वाट ती हीच. विमानं शक्य तितकी या वाटेच्या आसपास राहतात. मात्र एखाद्या देशानं आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना मनाई केली, तेव्हा पश्चिमेकडची कित्येक उड्डाणं लांबली.

हे कळल्यावर आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा हिशेबही उलगडला. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ. इथून मुंबई आकाशमार्गे जेमतेम 300 किलोमीटर, तरी तिकिटावर तासाभराचा वेळ. न्यूयॉर्कच्या विमानाच्या वेगानं ते अंतर अर्ध्या तासाच्या आत संपायला हवं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि खाली उतरणं यांतच छोट्या प्रवासाचा बराचसा वेळ जातो. विमान पूर्ण वेगानं जातं ते मधला थोडा वेळच.

कोल्हापुरातले माझ्या वयाचे कितीतरी आईवडील आता लेकरांकडे परदेशी जातात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. प्रत्यक्ष विमानात किती तास बसायचंय ते आधी विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हे त्यांच्याकडून त्या तासांप्रमाणे ठरवून घ्या. गाव बदललं की घड्याळ मागंपुढं करता येतं. शरीर मात्र विमानात घालवलेला प्रत्येक तास मोजतं.